३० सप्टेंबरला मंडळाने हॉल घ्यावा की नुसता हात द्यावा?

गोदाकाठ

टोरांटो-ब्रॅम्प्टन भागातल्या मराठी मंडळींत एक प्रस्ताव चर्चेत आहे. ३० सप्टेंबरला, म्हणजे कॅनडातल्या निवासी शाळांच्या स्मरणदिनी, हॉल घ्यायचा, नारिंगी शर्ट घालायचे, भूमी-स्वीकृती (ही जमीन मूळनिवासींची, हे मान्य करणारं निवेदन) वाचायची आणि ‘ब्लँकेट एक्सरसाइज’, म्हणजे घोंगड्या अंथरून त्यांचा इतिहास अनुभवायचा कार्यक्रम, करायचा. माझा विरोध आहे.

या शाळांत दीड लाखाच्या आसपास मूळनिवासी मुलं आईबापांपासून तोडून घातली गेली. त्यातून वाचलेल्यांची जखम भरून काढायचं काम त्यांचेच लोक करताहेत. ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट ही अशीच एक शाळा, १९७० साली बंद झाली. रोज ओटची पेज (इंग्रजीत ‘मश’) वाढत, म्हणून तिचं नाव पडलं ‘मश होल’. २०१३ मध्ये छप्पर गळायला लागलं, तेव्हा इमारत पाडायची की राखायची हे तिथल्या समाजाला विचारलं गेलं आणि त्यांनी राखायची ठरवली. मागच्या बाजूच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं आहेत, ती तशीच राहिली. अशा कामाला पैसा लागतो, तोही सलग. १९९८ मध्ये ३५ कोटी डॉलर देऊन सरकारने उपचारांसाठी एक प्रतिष्ठान उभं केलं होतं. २०१० मध्ये नवा निधी थांबला आणि २०१४ मध्ये ते बंद झालं. माणसाचं दुखणं काही निधीसोबत संपत नाही. समजा, आपल्या कार्यक्रमाला ४,००० डॉलर लागणार असतील, तर तेच वर्षाला ८०० असे पाच वर्षं लेखी कबूल करून द्यावेत.

प्रेअरी_पाटील

ताई, चेक पाठवला की विषय डोक्यातून जातो, मला भीती त्याची आहे. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या ९४ शिफारशींतल्या शेवटच्या दोन थेट आपल्यासारख्यांबद्दल आहेत. ९३वी नवागतांना दिल्या जाणाऱ्या माहितीची आणि ९४वी नागरिकत्वाच्या शपथेची. शपथ २०२१ मध्ये बदललीसुद्धा. पण मूळनिवासींशी झालेल्या कुठल्या करारातल्या जमिनीवर आपण राहतो हे ती घेणाऱ्यांना ठाऊक असतं का? ब्रॅम्प्टनचा करार १८१८चा, नाव ‘एजेटन्स करार’, क्रमांक १९. टोरांटोची गोष्ट तर ऐकवत नाही. १७८७च्या खरेदीखतात जमिनीचं वर्णनच नव्हतं. मूळनिवासी सरदारांची कुलचिन्हं (त्यांच्या सह्या) वेगळ्या कागदांवर घेऊन त्या कोऱ्या खताला जोडलेली होती. १८०५ मध्ये ते ‘नीट’ केलं आणि २,५०,८३० एकर १० शिलिंगांत लिहून घेतले. २०१० साली १४ कोटी ५० लाख डॉलर देऊन दावा मिटला. कोऱ्या कागदावर अंगठा घेणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हे आपल्या लोकांनी आपल्या हॉलमध्ये, मराठीत ऐकलंच पाहिजे.

आणि ब्लँकेट एक्सरसाइज म्हणजे नाटक नव्हे. जमिनीवर घोंगड्या अंथरतात, ती जमीन. लोक त्यांवर उभे राहतात. इतिहास वाचला जाईल तशा घोंगड्या दुमडत जातात आणि देवी आली, मुलं नेली असं म्हणत एकेकाला बाजूला काढतात. शेवटी दोन पायांपुरती घोंगडी उरते. हे दहा व्याख्यानांनी होत नाही.

उत्तररात्र

घोंगडीबद्दल सहमत, पण बिघडतं कुठे ते सांगतो. खरा भाग नंतरच्या वर्तुळाचा असतो. सगळे गोल बसतात, हातात वस्तू येईल त्यानेच बोलायचं. ३० जणांना दोन-दोन मिनिटं धरली तरी तास गेला. हॉल तीन तासांचा, सुरुवात आपल्या सवयीने ४० मिनिटं उशिरा, मधे बटाटेवडे. मग काटछाट होते ती वर्तुळाची. लोक उघडी जखम घेऊन गाडीत बसतात. हॉल किमान पाच तासांचा घ्या, जेवण वर्तुळानंतर ठेवा. संचालन मूळनिवासी माणसाकडेच हवं. संहिता मागवून आपणच वाचली, तर कुणी हुंदका दिला की सावरायला कोण? लहान मुलांसाठी वेगळी संहिता आहे, मोठ्यांच्या गटात त्यांना बसवू नका.

मूळनिवासी ज्येष्ठांना बोलावण्याची रीतही सांभाळा. ऑन्टारिओतल्या अनेक समाजांत विनंती करतानाच तंबाखू देतात. चिमूटभर सुटी तंबाखू सुती कापडात बांधायची, आधी काय हवं ते स्पष्ट सांगायचं आणि मग पुढे करायची. घेतली तर होकार. आपण अक्षत देऊन बोलावतो, पंगत उठल्यावर नव्हे, अगदी तसंच. प्रत्येक समाजाची रीत एक नाही (उत्तरेकडच्या इन्युइट लोकांत ही नाही), म्हणून आधी फोनवर विचारा. मानधन त्याच दिवशी पाकिटात द्या, सोबत येणाऱ्या मदतनिसाचं वेगळं. खजिनदाराला करासाठी कागद लागणार असेल तर ते महिनाभर आधी बोला. निघताना दारात सोशल इन्शुरन्स नंबर मागणं अपमानाचं वाटतं. आणि धुपासाठी सेज ही सुवासिक वनस्पती पेटवायची असेल तर हॉलच्या फायर अलार्मची परवानगी लेखी घ्या.

सोलापूरची_चादर

इथून वाचतोय, एका शब्दावर अडलो. ‘समेट’ दोन भांडणाऱ्यांत होतो. इथे भांडण कुठे होतं? एकाने नेलं, दुसऱ्याचं गेलं. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. १८७१च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तिथे हजेरी घेतली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ला ते मुक्त झाले, पण पोलिसांचा आणि शेजाऱ्यांचा संशय राहिलाच. कॅनडातल्या मराठी मंडळांनी जरूर करावं, पण त्याच हॉलमध्ये पारधी-कैकाड्यांचं नावही घ्यावं. नाहीतर दुसऱ्याच्या देशातलं दुःख आपल्याला सोपं जातं.

प्रेअरी_पाटील

नाव घ्यायला हरकत नाही, पण त्या दिवशी नको. त्यांच्या स्मरणदिनी आपला विषय लावला की वेळ आपल्या विषयाला जातो. ३१ ऑगस्ट आहेच, वेगळा ठेवू.

मोजणीदार

निधी देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काही ठिकाणी शाळांच्या आवारात मुलांच्या थडग्यांचा रडारने शोध चालू आहे. ‘किती थडगी सापडली?’ हा प्रश्न विचारू नका. गाडीसारखं यंत्र आखलेल्या ओळींवरून ढकलतात. त्यात जमीन कुठे हलली आहे एवढंच दिसतं. झाडाची मुळं, जुने पाइपही तसेच दिसू शकतात, आणि चिकणमातीत लहरी खोलवर जातच नाहीत. म्हणून आधी जुनी कागदपत्रं आणि वाचलेल्यांच्या साक्षी, मग गवत कापणं, मग रडार. काम वर्षानुवर्षं चालतं. आकड्याची घाई बाहेरच्यांना असते.

दुसरी कायद्याची. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर मिळणारी संस्थाही महसूल खात्याच्या पात्र यादीत आहे का पाहा. काही फर्स्ट नेशन्सची (मूळनिवासी समाजांची) सरकारंही त्या यादीत असतात. यादीत नसेल तरी २०२२च्या बदलानंतर देता येतं, पण करार आणि हिशेब ठेवावे लागतात. ते ओझं त्यांच्यावर टाकू नका, कागद आपण भरा.

गोदाकाठ

पाटील, कराराचा भाग मला पटला. तो आपणच शिकायचा आहे, त्यासाठी त्यांच्या कुणाला रडवायची गरज नाही. पण तारखेवर मी ठाम आहे. त्या आठवड्यात शाळा, बँका, नगरपालिका सगळ्यांनाच तेच मोजके ज्येष्ठ हवे असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात तो दुःखाचा दिवस असतो. ३० तारखेला आपण त्यांच्या कार्यक्रमाला जावं, मागे उभं राहावं, खुर्च्या लावाव्यात. घोंगडीचा कार्यक्रम फेब्रुवारीत.

प्रेअरी_पाटील

फेब्रुवारीत बर्फात १५ माणसं येतील.

उत्तररात्र

वर्तुळाला १५ उत्तम. संचालकांना जूनमध्येच विचारा, आणि तारीख त्यांना ठरवू द्या.