लॉस्ट हेवनचे रिकामे रस्ते

'माफिया' या व्हिडिओ गेममधलं लॉस्ट हेवन शहर रिकामं आहे, मोहिमा सोडल्या तर तिथे करण्यासारखं काही नाही, असं काही जण म्हणतात, ते बरोबर आहे. २००२ च्या मूळ गेममध्ये मलाही ते जाणवलं. पण त्याच रस्त्यांवरून गाडी चालवणं मला सगळ्यात जास्त आवडतं. १९३० ची ती जड गाडी चढावर अक्षरशः धापा टाकते, आणि ताशी ४० मैलांच्या वर गेलात की पोलीस मागे लागून दंड ठोकतात. गेमचा नायक टॉमी अँजेलो आधी टॅक्सीवाला आहे आणि मग गुंड, हे असं खेळता खेळता अंगात भिनतं. तो सगळी हकीकत कॅफेत बसून डिटेक्टिव्हला सांगतोय, म्हणजे शेवट बरा नसणार हे ठाऊक असतं. तरीही टॉमीचा गुंड मित्र पॉली याच्या वेळी पोटात कालवतंच.

शर्यतीच्या मोहिमेला मात्र माफी नाही. एका वळणावर गाडी उलटली की सगळं पहिल्यापासून! मी तिथे दोन आठवडे अडकलो होतो. २०२० च्या नव्या आवृत्तीत ती सोपी करून खेळता येते, टॉमीची बायको सारा हिच्या वाट्यालाही जास्त प्रसंग आलेत, ते फार छान झालं. गोळीबार मात्र तोच तो वाटतो: आडोसा, नेम, पुढचा आडोसा.