द्रावण भरलेल्या ट्रॅक्टर टायरचा चिरलेला व्हॉल्व्ह

प्रश्न: ट्रॅक्टरच्या मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरले असून व्हॉल्व्हची दांडी मुळाशी चिरली आहे. सगळे द्रावण न काढता ती बदलता येईल का?

उत्तर: येईल. चाक जॅकने उचलून, खाली भक्कम टेकू देऊन, व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असे फिरवावे आणि हवा पूर्ण सोडावी. टायर 75 टक्क्यांपर्यंतच भरलेला असल्यास द्रावणाची पातळी सहसा व्हॉल्व्हच्या भोकाखाली राहते. मग टायरची बाहेरची कड रिमपासून सोडवून नवी दांडी आतून बसवावी. हवा सोडण्यापूर्वी कडेला हातही लावू नये.

दुसरे उत्तर: दांडी हवा आणि पाणी दोन्हींसाठी बनवलेलीच घ्यावी. सांडलेले द्रावण लगेच धुवावे, कारण ते रिमला झपाट्याने गंजवते. ट्यूब असती, तर मात्र बहुधा ट्यूबच बदलावी लागली असती.