सहा वर्षांच्या मुलीचे शिक्षण घरीच: पुस्तके आणि परिसर पुरेसे आहेत का?

विचारणा (डिचोली, गोवा)
आमची मुलगी नुकतीच सहा वर्षांची झाली असून, पुढील दोन-तीन वर्षे तिला शाळेत न घालता गोष्टींची पुस्तके आणि मये तलावाचा परिसर यांच्या आधारे घरीच शिकवावे, असा आमचा विचार आहे. पाठ्यपुस्तक व परीक्षा नसताना ती काय शिकली हे कसे ओळखावे? पुढे शाळेत घालायचे ठरल्यास अडचण येईल का? सासूबाई हेच विचारतात, आणि त्यांचे विचारणे गैर नाही.

उत्तर (मडगाव)
ताई, इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२-१९२३) यांनी याच वयासाठी एक साधी रीत सांगितली होती. उतारा एकदाच वाचून दाखवायचा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, चुका सुधारायच्या नाहीत. काय लक्षात राहिले, काय निसटले आणि कोणता शब्द नव्याने वापरला गेला, हे त्या सांगण्यातूनच कळते. पाठ पंधरा-वीस मिनिटांहून लांबवू नये. निसर्गाच्या वहीसाठी नवनवी ठिकाणे शोधण्यापेक्षा त्याच तलावाकाठी उन्हाळ्यात, भर पावसात आणि थंडीत जावे आणि पाहिलेले मुलीलाच काढू द्यावे. कधीतरी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन खारफुटीत ओहोटीच्या वेळी कोणते पक्षी उतरतात तेही दाखवावे.

उत्तर (फोंडा, निवृत्त प्राथमिक शिक्षक)
वरील मत मला अर्धेच मान्य आहे. यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती, कारण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवल्या. तथापि त्यांच्या कामात खेळ असला तरी क्रम होता. गोष्टी ऐकून भाषा समृद्ध होते. पण तेवढ्याने जोडाक्षरे वाचता येतीलच असे नाही. गणिताचे तर विचारूच नका. चिंचोक्यांचे दहा-दहाचे गट करून एकक-दशक पक्के झाल्याशिवाय हातच्याची बेरीज केवळ पाठांतर ठरते. म्हणून वाचन-लेखन आणि गणित यांना रोज थोडा ठरलेला वेळ द्यावा, बाकी सारे परिसरावर सोपवावे.

उत्तर (साखळी)
चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट, विसरू नका. आंबाडे, कांगले, घागऱ्या, सुपारी ही फळे कोणत्या झाडावेलींची आणि कुठे मिळतात, हे रानातून ती आणणाऱ्या घरच्या जाणत्यांनाच विचारावे. सासूबाईंना शिकवण्यात सहभागी करून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही.

उत्तर (पणजी)
शाळाप्रवेशाविषयी एवढेच सांगतो की, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा वर्षांवरील मूल शाळेत दाखल झालेले नसल्यास त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे तुमची मुलगी नऊव्या वर्षी शाळेत गेली, तर तिला पहिलीपासून सुरुवात करावी लागू नये. घरीच शिकत राहिल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा हा मार्ग असून, त्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे. जन्मदाखला मात्र व्यवस्थित ठेवा आणि मुलीच्या वह्यांवर तारखा घाला, कारण शाळेने मुलीची तयारी विचारली, तर दाखवायला हातात तेवढेच असेल.