१८५७ साठी तीन कड्यांची एनफिल्ड: बाजारातली प्रतिकृती कितपत खरी?

मिरजकर_लेस्टर

नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये मेरठच्या उठावावरच्या एका प्रदर्शनासाठी पॅटर्न १८५३ एनफिल्ड या ठासणीच्या रायफलीची प्रतिकृती घ्यायची आहे. इटालियन बनावटीची, तीन कड्यांची (नळी दस्त्याला तीन धातूच्या कड्यांनी धरलेली) एक वापरलेली बंदूक पाहून ठेवली आहे. दस्त्यावर चकचकीत वार्निश, नळीवर कारखान्याचं नाव आणि ‘फक्त काळी दारू’ असा ठसा, चापाच्या प्लेटवर मुकुट आणि ‘टॉवर १८६१’. हिच्यात काय बदललं तर जाणकाराला खुपणार नाही? बंगाल आर्मीचा शिपाई आणि गोरा सोजीर असे दोन पुतळे आहेत, दोघांच्या हाती हीच दिली तर चालेल का? पुढे रेंजवरही वापरायची आहे, तेव्हा नळीबद्दलही सांगा.

तोडेदार

मिरजकर, शिपायाच्या हाती एनफिल्ड देऊ नका. बाकी सगळं दुय्यम आहे. काडतुसांचा वाद एनफिल्डवरून पेटला, म्हणून चित्रांत सरसकट प्रत्येक शिपायाच्या खांद्यावर एनफिल्ड दाखवतात, आणि नेमकं तेच चुकीचं आहे. १८५७ च्या सुरुवातीला ही रायफल शिकवायला दमदम, अंबाला आणि सियालकोट अशी तीन केंद्रं उघडली होती. पलटणींतून थोडी थोडी माणसं तिथे पाठवत होते. मेरठला एनफिल्ड होती ती ६० व्या रायफल्सच्या गोऱ्यांकडे. तिथल्या ११ व्या आणि २० व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांकडे जुन्याच, बिनआट्याच्या (नळीत आतून पिळाच्या खाचा नसलेल्या), टोपीवर उडणाऱ्या मस्केटी होत्या. २४ एप्रिलला तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या ९० पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसं नाकारली, ती कार्बाइनची, म्हणजे स्वारांच्या आखूड बंदुकीची होती, एनफिल्डची नव्हे.

म्हणून शिपायासाठी सपाट, म्हणजे आतून बिनआट्याच्या नळीची मस्केट शोधा, व्यास पाऊण इंचाच्या आसपासचा. कंपनी सरकारच्या बंदुकीच्या प्लेटवर मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह असतो. तो दिसला की प्रेक्षकाला न सांगता कळतं की ही राणीची नव्हे, कंपनीची बंदूक आहे. इंग्लंडमध्ये २४ इंचांहून लांब सपाट नळीची ठासणीची बंदूक शॉटगन सर्टिफिकेटवर मिळते, आट्यांच्या नळीला फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. दारू बाळगायचा कागद वेगळा.

उठावानंतर हिंदी पलटणींना दिसायला एनफिल्डसारखी, पण ०.६५६ इंच व्यासाची, आटे नसलेली आणि नेम धरायला मागे नुसती खाच असलेली बंदूक दिली. पुढे-मागे १८६० नंतरचा शिपाई उभा कराल, तेव्हा ती लागेल.

अक्रोड_दस्ता

तोडेदार यांच्याशी सहमत. आता गोऱ्याच्या हातातल्या बंदुकीकडे येऊ. पहिली चूक प्लेटवरच आहे: १८५७ च्या प्रसंगात १८६१ चं साल. ‘टॉवर’ हा शब्द मात्र बरोबर. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कंत्राटदारांनी बनवलेल्या बंदुकांवर तो असे. एनफिल्ड गावच्या सरकारी कारखान्यात यंत्रांवरचं उत्पादन तेव्हा नुकतंच सुरू होत होतं. साल बदलायचं तर प्लेट गनस्मिथकडे द्या. तिच्यावरचा कडक थर पातळ असतो, घरी कानस चालवली तर तो उडतो आणि आतली टंबलरची (घोड्याबरोबर फिरणाऱ्या भागाची) बैठक हलते.

दुसरी चूक कड्यांची, आणि ही फार कमी लोक पाहतात. १८५७ च्या आगेमागे बनत होता तो दुसरा नमुना: कड्या अखंड, आणि लाकडात बसवलेल्या पोलादी स्प्रिंगने जागेवर अडकलेल्या. तुमच्या प्रतिकृतीवर खाली स्क्रूने आवळायच्या कड्या असणार. तो १८५८ नंतरचा तिसरा नमुना. स्क्रूचं डोकं कडीच्या आत लपलेलं असेल तर त्याहून उशिराचा चौथा, बॅडलीच्या कड्यांचा. बाजारातल्या जवळजवळ सगळ्या प्रतिकृती या दोघांवरच बेतल्या आहेत, कारण गिऱ्हाईक अमेरिकन यादवीच्या हौशी मंडळींचं.

स्प्रिंगच्या कड्या बसवून घेता येतात, पण गोळी ठासायच्या गजाची खाच आणि बाहेरची कड यांच्यामधलं लाकूड फार पातळ आहे. तिथे चर खणताना ते हमखास फुटतं. अमेरिकन स्प्रिंगफील्डच्या कड्यांना स्प्रिंग असतात, म्हणून त्या आणून बसवायचा मोह आवरा. ती ४० इंची नळीची वेगळी बंदूक आहे, हिची नळी ३९ इंची. माझं मत विचाराल तर कड्या तशाच ठेवा आणि फलकावर ‘तिसऱ्या नमुन्याची प्रतिकृती’ असं स्वच्छ लिहा.

वार्निश मात्र नक्की काढा. आधी उघडायचं कसं ते सांगतो, कारण लाकूड इथेच खराब होतं. घोडा अर्ध्या चापावर आणा. डावीकडचे प्लेटचे दोन्ही स्क्रू चार-पाच फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. मग स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी मुठीने आळीपाळीने हलकं ठोका, म्हणजे प्लेट सरळ बाहेर सरकते. खरवडून काढली की प्लेटच्या कडेचा कपचा निघालाच म्हणून समजा. पेचकस खाचेत घट्ट बसेल असा घासून घ्या. प्लेट निघाली की कड्या, शेपटीचा स्क्रू आणि शेवटी नळी.

वार्निश स्ट्रिपर लावून काढा, सँडपेपरने नव्हे. घासलं की प्लेट आणि दस्त्याच्या टोकाच्या पितळी बटप्लेटभोवतीचं लाकूड खाली बसतं आणि धातू वर उचललेला दिसतो. नंतर ओल्या फडक्याने पुसा, लाकडाचे तंतू उभे राहतील, वाळल्यावर बारीक कागदाने फक्त ते मोडा. असं तीनदा. मग जवसाचं तेल तळहाताने, अगदी पातळ, दिवसाआड एक हात, सहा-सात वेळा. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

प्रतिकृतीचा दस्ता मनगटापाशी आणि प्लेटच्या भोवती जाड असतो, अस्सल बंदूक हातात घेतली की फरक लगेच कळतो. प्लेटसमोरचा सपाट भाग दोन्ही बाजूंनी थोडा उतरवला तरी रूप पालटतं. नळीचा आजचा काळा चकचकाट गरम क्षारातून येतो. तेव्हा गंज चढवून, उकळून, घासून निळसर काळा रंग आणत. तोच करून घ्या. प्लेट आणि घोड्यावर मात्र केसहार्डनिंगचे (वरचा थर कडक करताना उमटणारे) ढगाळ रंग हवेत.

प्रूफचे (नळीच्या चाचणीचे) ठसे कानसायचे नाहीत, इंग्लंडमध्ये तो गुन्हा आहे. ठसे प्रेक्षकाकडे येणार नाहीत अशी बंदूक ठेवा.

मिरजकर_लेस्टर

दोघांचेही मनापासून आभार. शिपायासाठी मस्केट शोधतो. चापाच्या कमानीला साखळी असलेली पितळी टोपी लावलेली दिसते, ती खरी की शोभेची? आणि नळीचं राहिलंच.

मिनी_गोळी

ती टोपी खरीच आहे. आत चामड्याची चकती असते, कवायतीत निपलवर (जिच्यावर बाराची टोपी बसते त्या बोंडीवर) बसवून घोडा पडू देत, निपल चेपत नसे. ठेवा ती.

नळीबद्दल: अस्सल तीन-कडीला तीन आटे, ७८ इंचांत एक फेरा, व्यास ०.५७७. पुढच्या काळात आटे मुळाशी खोल आणि तोंडाकडे उथळ केले. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने तीन-कडीत तसे आटे दिले होते. बऱ्याच प्रतिकृतींत खोली सगळीकडे सारखी असते. बाहेरून दिसत नाही, पण गोळी किती वेळा न पुसता ठासता येईल ते यावर ठरतं.

गोळी घेण्याआधी नळी मोजा. प्रतिकृतींचा व्यास ०.५७७ पासून ०.५८० च्याही पुढे जातो. पिन गेजच्या (ठरावीक जाडीच्या मोजमापाच्या) काड्या एकेक करून घालून पाहा. जी शेवटची अडखळत जाते तो तुमचा व्यास, आणि गोळी त्याहून इंचाचा एक ते दोन हजारांश भाग कमी. शिसं शुद्ध हवं. टायरच्या वजनांचं मिश्र शिसं कडक, मिनीचा (बुडाशी पोकळ असलेल्या गोळीचा) घेर फुलतच नाही आणि गोळी लोळत जाते. सुरुवात ४५ ग्रेन काळ्या दारूवर करा, पाच-पाचने वाढवा. लष्करी मात्रा अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन होती. पातळ घेराच्या गोळीला ती दिली तर घेर तोंडाशी फाटतो आणि नेम भलतीकडे जातो. धूररहित दारू कदापि नाही.

कोकणात शेती राखणीच्या ठासणीच्या बंदुकीत दारूवर बोळा ठासतात, तसं इथे करू नका. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते. गजावर तोंडापाशी खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी गोळी तळाला गेली की नाही ते दिसतं.

१८५७ चं कागदी काडतूस करून पाहायचं तर तेव्हाची गोळी ०.५६८ व्यासाची, ५३० ग्रेनची, सपाट अंगाची होती. ती काडतुसात उलटी बसते, टोक दारूकडे. शेंडा फाडायचा, दारू ओतायची, काडतूस उलटं करून चरबी लावलेली, गोळीच्या बुडाची बाजू नळीत घालायची, वरचा कागद तोडून टाकायचा आणि ठासायचं. शेंडा दातांऐवजी हाताने फाडायची मुभा १८५७ च्या वसंतातच दिली गेली, पण तोवर संशय पसरला होता. नळीत काजळी साचली की ०.५६८ जड जाते, म्हणून १८५९ मध्ये व्यास ०.५५ केला. तुम्हीही ०.५५ च करा. वंगणाला पाच भाग मेण आणि एक भाग चरबी घ्या, पुढच्या लष्करी काडतुसांचं तेच प्रमाण. चरबी जास्त झाली की उन्हात वितळून कागदातून दारूत उतरते.

प्रदर्शनात नुसता बार काढणार असाल तर गज नळीत घालायचाच नाही आणि कागदही ठासायचा नाही. गज बंदुकीतून काढून तंबूतच ठेवा.