झाडाला 'जरायुज' म्हणावं का?

खाडीकाठ, ऐरोली
रविवारी सोसायटीतल्या मुलांना खाडीवर न्यायचंय. माहितीपत्रकात मी लिहिलं, 'कांदळ ही जरायुज वनस्पती आहे.' कांदळ म्हणजे खाडीतली एक खारफुटी. तिचं बी झाडावरच रुजतं, फळातून लांब हिरवं रोप लोंबतं आणि तयार होऊनच चिखलात पडतं. एकांचा आक्षेप आला की हा शब्द पिल्लाला थेट जन्म देणाऱ्या प्राण्यांचा. मला तर चपखल वाटतो.

पोथीवाला
आक्षेप रास्त आहे. ऐतरेय उपनिषदात अंडज, जारुज (म्हणजेच जरायुज), स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग आहेत. जमीन फोडून येतं ते उद्भिज्ज, म्हणजे झाडं. जरायु म्हणजे गर्भाभोवतीचं वेष्टन. झाडाला कसलं आलंय ते?

खाडीकाठ, ऐरोली
अहो, कांदळ जमीन फोडून येतच नाही, वरून पडतं! मग उद्भिज्ज तरी कसं?

विटावकर
दोघंही कांदळाला धरून बसलात. आपल्या खाडीत जिकडे बघाल तिकडे तिवर, ही दुसरी खारफुटी. तिवराचं बी फळातच रुजतं, पण झाडावर असेपर्यंत साल फोडत नाही. गळून पाण्यात पडलं की साल सुटते. वेष्टनासकट जन्म म्हणायचा तर तो तिवराचा. कांदळ वेष्टन झाडावरच फाडतो. आणि सरसकट 'खारफुटी जरायुज' असं तर लिहूच नका. 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी साधं बीच टाकते.

पोथीवाला
तिवराचा मुद्दा बिनतोड. तरी छांदोग्य उपनिषदातला शब्द सुचवतो. तिथे तीनच वर्ग आहेत, आण्डज, जीवज, उद्भिज्ज. 'जीवज' घ्या, म्हणजे जिवातून जन्मलेलं. अशा झाडांना इंग्रजीत म्हणतात त्या 'व्हिव्हिपॅरस'चं लॅटिन मूळही 'जिवंत' आणि 'जन्म देणं' असंच आहे. वेष्टनाची भानगडच नको.

घणसोलीच्या बाई
जीवज सुंदर आहे, पण वर्गात कुणालाच कळणार नाही. जरायुज मुलांनी गाय-मांजरापाशी ऐकलेला असतो. झाडही रोपाला लोंबत असेपर्यंत अन्न पुरवतंच की! खारट चिखलात, भरती-ओहोटीच्या माऱ्यात नुसत्या बियाला रुजायला उसंत मिळत नाही, म्हणून ही सोय. पत्रकात हे कारण हवं. ते नसेल तर शब्द कुठलाही घाला, मुलं फ्लेमिंगोच बघत बसतील.

खाडीकाठ, ऐरोली
कारण घालतो, तिवरही घालतो. शब्द मात्र जरायुजच.

पोथीवाला
तिवरापुरता चालेल. कांदळापुढे माझी हरकत कायम.