मिक्सरवरून घेतलेलं म्हणजे खरं?

मिक्सरमधून (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्रातून) थेट घेतलेलं रेकॉर्डिंगच मैफिलीशी सर्वांत प्रामाणिक, हे म्हणणं मला पटत नाही. सभागृहात जे कमी पडतं तेवढंच मिक्सर वाढवतो. दादर-पार्ल्याच्या लहान सभागृहांत तबला माइकशिवायही बराच लांब पोचतो, म्हणून मिक्सरवर त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली असतो आणि गायकाचा वर. समोर बसलेल्यांना तोल नीट लागतो, पण मिक्सरमधून थेट निघणाऱ्या त्याच आवाजात गायक कानाशी आणि तबला शेजारच्या खोलीत! सभागृहात दोन माइक लावून वेगळे ट्रॅक घ्यावेत आणि नंतर मिक्सरच्या ट्रॅकमध्ये मिसळावेत. यात बहुतेक वेळा चुकतं ते वेळेचं गणित. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. माइक स्पीकरपासून १० मीटरवर असतील, तर मिक्सरचा ट्रॅक सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा सुरू करावा लागतो. नाहीतर चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) प्रत्येक बोल दुहेरी ऐकू येतो. जुळवणी टाळ्यांवरून करू नका, तबल्याचा एखादा टोकदार ‘ना’ दोन्ही ट्रॅकवर शोधा.

आकाशवाणीची जुनी रेकॉर्डिंगं बुजलेली असतात, हेही अर्धंच खरं. मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या वारंवारतांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ, त्यामुळे त्याच्या निम्म्या, साधारण ४.५ किलोहर्ट्झच्या वरचे बारीक, उंच आवाज फारसे पोचत नाहीत. एफएमवर १५ पर्यंत जातं. तानपुऱ्याच्या जवारीची (घोडीवर तार घासून उमटणाऱ्या झणकाराची) झळाळी बरीचशी त्या वरच्या पट्ट्यात असते. तेव्हा रेडिओवरून घरी टेप केलेल्या कॅसेटवरून स्टुडिओतल्या मूळ टेपची पारख होत नाही. अशा कॅसेटवर इक्वलायझरने ट्रेबल (वरच्या पट्ट्यातला आवाज) चढवला तर जवारी परत येत नाही, फक्त खरखर वाढते.