विषय: १ जुलैचं, कॅनडा डेचं नाटुकलं – ‘सॉरी’ गाळायचं की इस्पितळ?

सुलभा:
मंडळी, हॉलवाल्यांना या वर्षी साडेचारला किल्ल्या हव्यात. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुलांना १२ ऐवजी ८ मिनिटं मिळतील, म्हणून एक प्रवेश जाणार. मी म्हणते दुकानातला काढा, धक्का एकाने द्यायचा आणि सॉरी दोघांनी म्हणायचं, तो. अमेरिकेतून, डेट्रॉईटहून येणारे पाहुणे म्हणतील, एवढंच का तुमचं कॅनेडियनपण? उद्या रात्रीपर्यंत कळवा.

विनायक:
ताई, पोरांना तेवढंच नीट पाठ झालंय. आणि तो नुसता विनोद नाही. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात २००९ पासून कायदाच आहे: माफी मागितली म्हणून दिवाणी दाव्यात चूक कबूल केली असं धरत नाहीत. मला मागून गाडी ठोकली, तरी उतरून आधी सॉरी मीच म्हणालो. बायको अजून ऐकवते. इस्पितळ काढा.

माधवी:
इस्पितळ काढलं तर पाहुण्यांना वेगळं काय दाखवणार? सास्काचेवान प्रांताचा प्रमुख असताना टॉमी डग्लसने आखलेली सरकारी आरोग्य विम्याची योजना त्याच्यानंतरच्या सरकारने रेटली. ती सुरू झाली १ जुलै १९६२ ला, आणि डॉक्टर त्याच दिवशी संपावर गेले. २३ दिवस! तारीख तरी बघा. मी मागच्या हिवाळ्यात इमर्जन्सीत सात तास बसले होते, ते मान्य. पण निघताना पाकीट उघडलं ते फक्त पार्किंगसाठी.

अरविंदकाका:
मूळ फरक कागदावरच आहे. अमेरिकनांच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध. आपल्या १८६७ च्या कायद्यात शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन. ते इंग्लंडच्या राजाशी भांडले, आणि ज्यांना भांडायचं नव्हतं त्यातले हजारो इकडे आले. मी १९८१ ला आलो तेव्हा या दिवसाला डोमिनियन डे म्हणत, पुढच्या वर्षी नाव बदलून कॅनडा डे केलं. निवेदन नेहमीप्रमाणे मीच लिहितो.

सुलभा:
काका, दोन मिनिटं. गेल्या वेळी अकरा झाली होती, वडे गार झाले.

पराग:
काकांचा कॅनडा ऑन्टारिओपुरता आहे. मी क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला वाढलो. तिथे १ जुलै हा घरं बदलायचा दिवस, फुटपाथभर गाद्या आणि जुने फ्रीज. क्वेबेकचा सण २४ जूनलाच होऊन गेलेला असतो. शांतता-सुव्यवस्था म्हणताय, तर १९१४ मध्ये व्हँकुव्हरला कोमागाता मारू हे जहाज आलं, ३७६ भारतीय प्रवासी, बहुतेक सगळे परत पाठवले. संसदेत माफी मागितली गेली २०१६ ला. ‘सॉरी’ ठेवायचं असेल तर हेही घ्या.

विनायक:
गाद्यांवरून आठवलं. इस्पितळाला एक गादी लागेल. पराग, तुझ्याकडे आहे का?

माधवी:
म्हणजे इस्पितळ राहतंय ना? पराग, आठ मिनिटांत जहाज कुठून उभं करू? पण दुकानात दोघं सॉरी म्हणून झाले की गल्ल्यावरची मुलगी म्हणेल, “तुमचं बरंय, लगेच उरकलं. आमच्या जहाजाला १०२ वर्षं लागली.” मग काय ते पाहुण्यांना विचारू दे. माझी लेक म्हणेल, तिला विचारलंय.

सुलभा:
छान. दोन्ही प्रवेश चार-चार मिनिटांचे. निवेदन नाही.

अरविंदकाका:
निवेदन नाही हे कुठल्या बैठकीत ठरलं?